चौकोनी प्रभावळ

रोममध्ये टायबर नदीच्या पलीकडच्या वस्तीला त्रास्तेवेरे म्हणतात. तिथल्या सांता चेचिलिया चर्चमध्ये लोक येतात ते मुख्यतः स्तेफानो मादेर्नोचं शिल्प बघायला. संगमरवरातली चेचिलिया कुशीवर पडलेली आहे, चेहरा पलीकडे वळलेला आणि मानेवर तलवारीचा वार. शिल्प फार सुंदर आहे. पण मला बघायचं होतं ते वेदीच्या मागं, अर्धघुमटात. तिथं नवव्या शतकातलं मोझेइक आहे. मधोमध सोनेरी वस्त्रातला ख्रिस्त, दोन्ही बाजूंना संतमंडळी आणि अगदी डाव्या टोकाला पोप पहिला पास्काल. ८१७ ते ८२४ या काळात तो पोप होता आणि हे चर्च त्यानंच बांधून घेतलं. चर्चची छोटीशी प्रतिकृती त्यानं दोन्ही हातांत धरली आहे. इतर सगळ्यांच्या डोक्यामागं गोल प्रभावळ आहे, पास्कालच्या डोक्यामागं मात्र चौकोनी, निळी. हे चित्र घडवलं तेव्हा हा माणूस हयात होता, एवढंच तो चौकोन सांगतो. गोल प्रभावळ संतांची. जिवंत माणसाबद्दल निकाल द्यायची घाई त्या काळचे कारागीर करत नसत.

पास्कालनंतर सुमारे दोन शतकांनी, ६ मार्च १०५९ रोजी, या चर्चच्या नावानं एक नवा कार्डिनल झाला. प्रत्येक कार्डिनल पाद्र्याच्या नावे रोममधलं एखादं चर्च असतं. याच्या वाट्याला सांता चेचिलिया आलं. त्याचं नाव देसिदेरियो. तो मोन्ते कास्सिनोच्या बेनेडिक्टाइन मठाचा मठाधिपती होता आणि त्याचं वय तेव्हा जेमतेम तिशीचं. त्याच्या मागावर मी इटलीत आले होते.

माझं बरंचसं आयुष्य हस्तलिखितांच्या याद्या करण्यात गेलं. पोथी हातात आली की पहिला प्रश्न पडतो, ही नकलून कोणी घेतली? खर्च कोणी केला? लॅटिन साहित्याचा इतिहास वाचताना मी सवयीनं तोच प्रश्न विचारत गेले आणि उत्तरात पुन्हा पुन्हा एकच मठ आणि एकच काळ येऊ लागला. टॅसिटसच्या ‘अॅनल्स’चा उत्तरार्ध आणि ‘हिस्टरीज’चा उरलेला भाग: मोन्ते कास्सिनो, अकरावं शतक. व्हॅरोचा लॅटिन भाषेवरचा ग्रंथ: मोन्ते कास्सिनो, अकरावं शतक. सेनेकाचे संवाद: तेच. नीरोनं रोमच्या आगीचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडून त्यांचे हाल केले, हा प्रसंग टॅसिटसच्या ज्या पानांत आहे, ती पानं आज आपल्याला वाचता येतात ती त्या डोंगरावरच्या एका प्रतीमुळे. बाकीच्या सगळ्या प्रती तिच्यावरूनच निघाल्या. हे कळल्यावर त्या डोंगरावर जाणं भागच होतं.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून नेपल्सच्या दिशेनं जाणारी साधी गाडी पकडली की दोनेक तासांत कास्सिनो येतं. स्टेशनाबाहेर पडून मान वर केली की मठ दिसतो. पाचशे मीटरहून उंच डोंगराचा माथा त्यानं पुरता व्यापलेला आहे. बस नागमोडी घाटानं वर चढते आणि प्रत्येक वळणावर लीरी नदीचं खोरं अधिकाधिक उघडत जातं. दक्षिणेकडून रोमकडे निघालेल्या अनेक सैन्यांना याच खोऱ्यातून जावं लागलं. वर उभं राहून खाली पाहिलं, की या मठाचं भाग्य आणि दुर्दैव एकाच नजरेत दिसतं.

संत बेनेडिक्टनं इसवी सन ५२९ च्या सुमारास इथं मठ स्थापन केला आणि इथंच आपली प्रसिद्ध नियमावली लिहिली. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाँगोबार्ड टोळ्यांनी मठ लुटला. ८८३ मध्ये सारासेन आक्रमकांनी तो जाळला. १३४९ च्या भूकंपात देसिदेरियोनं बांधलेलं चर्च कोसळलं. आणि १५ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी होतं नव्हतं ते भुईसपाट केलं. आज आपण पाहतो ती वास्तू त्यानंतर जुन्या आराखड्यानुसार पुन्हा उभारलेली आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये तिचं अभिमंत्रण केलं. त्यामुळे देसिदेरियोचं मोन्ते कास्सिनो शोधायला आलेल्या माणसानं त्याचं चर्च दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. तो सापडतो तो कडेकडेनं.

त्याचं मूळ नाव दाउफेरियो. जन्म १०२७ च्या आसपास, बेनेवेन्तोच्या लाँगोबार्ड राजघराण्याशी नातं सांगणाऱ्या कुळात. घरच्यांनी लग्न ठरवलं होतं, मुलाच्या मनात संन्यास होता. १०४७ मध्ये वडील नॉर्मन लोकांशी लढताना मारले गेले आणि तो घर सोडून एका तपस्व्याकडे पळाला. नातेवाइकांनी शोधून काढलं, अंगावरचं भिक्षूचं वस्त्र उतरवलं, घरी आणून पहाऱ्यात ठेवलं. तो पुन्हा पळाला. अखेर बेनेवेन्तोतल्याच सांता सोफिया मठात राहायचं या अटीवर घरच्यांनी हार मानली. त्या मठात त्याला देसिदेरियो हे नाव मिळालं. पण गावातल्या मठात त्याचा जीव रमेना. अॅड्रियाटिक समुद्रातल्या त्रेमिती बेटांवरच्या मठात तो राहिला, माइयेल्लाच्या डोंगरात राहिला. तब्येत ढासळली तेव्हा वैद्यांना दाखवायला सालेर्नोला गेला. तिथं त्याची आल्फानोशी गाठ पडली. आल्फानो वैद्य होता, ग्रीक जाणणारा विद्वान होता आणि उत्तम कवी होता. दोघांची जन्मभराची मैत्री झाली आणि १०५५ मध्ये दोघंही मोन्ते कास्सिनोत दाखल झाले.

१०५८ च्या वसंतात पोपचा वकील म्हणून देसिदेरियो कॉन्स्टँटिनोपलला निघाला होता. बारी बंदरात जहाजाची वाट पाहत असताना पोप नववा स्टीफन वारल्याची बातमी आली. हा पोप स्वतः मोन्ते कास्सिनोचा मठाधिपती होता आणि आपल्यामागं ती जागा देसिदेरियोनं घ्यावी असं त्यानं ठरवून ठेवलं होतं. परतीची वाट नॉर्मन मुलखातून. नॉर्मन सरदार रॉबर्ट ग्विस्कार्दनं त्याला अभय दिलं, वर प्रवासाला घोडे दिले. ज्यांच्या हातून वडील मारले गेले त्या लोकांच्या घोड्यावर बसून हा मुलगा मठाधिपती व्हायला आला. १९ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, त्यानं सूत्रं हाती घेतली. पुढच्याच वर्षी पोप दुसरा निकोलस यानं ओसिमो इथं त्याला कार्डिनल केलं आणि दक्षिण इटलीतल्या मठांच्या सुधारणेचं काम सोपवलं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रोमला भरलेल्या धर्मसभेनं पोपच्या निवडणुकीचा अधिकार मुख्यतः कार्डिनलांच्या हाती दिला. तोवर मानाचं असलेलं हे पद तेव्हापासून सत्तेचं झालं.

नॉर्मन लोकांशी पोपनं सलोखा करावा, ही देसिदेरियोची जन्मभराची भूमिका. १०५९ च्या ऑगस्टमध्ये मेल्फी इथं ग्विस्कार्द आणि कापुआचा रिचर्ड यांनी पोपशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. हे लुटारू इथून जाणार नाहीत, मग त्यांना चर्चचे रक्षक करणंच शहाणपणाचं, हे देसिदेरियोला इतरांच्या फार आधी उमगलं होतं. वडिलांच्या मृत्यूबद्दल त्याच्या मनात काय होतं, हे कुठं नोंदलेलं नाही. मला मात्र त्या घोड्यांचा प्रसंग विसरता येत नाही.

मठाच्या आत एकापाठोपाठ एक असे प्रशस्त चौक आहेत. त्यांतल्या एकात रुंद पायऱ्या चढून वर गेलं की बॅसिलिकाची दारं येतात. मधलं दार देसिदेरियोचं. याच दारासाठी मी घाट चढून आले होते. त्याच्यापुढं मी बराच वेळ थांबले. मागून येणारे दोन गट फोटो काढून निघूनही गेले.

दाराची हकिकत अशी. १०६० च्या दशकात देसिदेरियो आमाल्फीला गेला असताना तिथल्या कॅथेड्रलची कांस्याची दारं त्याच्या मनात भरली. ती कॉन्स्टँटिनोपलला ओतून आणलेली होती. त्यानं तशीच दारं आपल्या मठासाठी करायला सांगितली, आणि आमाल्फीचा धनाढ्य व्यापारी मावरो यानं खर्च उचलला. १०६६ हे त्यांचं साल. पण तोवर चर्च नव्यानं बांधायचं पक्कं ठरलेलं नव्हतं, म्हणून मापं पाठवली ती जुन्या, लहान चर्चच्या दाराची. मग जुनं चर्च पाडलं, नवं मोठं उभं राहिलं, आणि समुद्रापलीकडून आलेली दारं त्याला आखूड पडली. मठाचा बखरकार लिओ यानं हे प्रांजळपणे नोंदवून ठेवलं आहे. पुढं बाराव्या शतकात पत्रे वाढवून दार मोठं केलं गेलं आणि त्यावर मठाच्या मालकीची गावं, किल्ले, चर्चं यांची यादी कोरली गेली. जवळ जाऊन बघा: काळपट कांस्यात रेषा खोदून त्यांत चांदीची तार ठोकलेली, अक्षरं एकसारखी उंच, ओळीमागून ओळ नुसती नावं. मठाचा सातबारा दारावरच लावलेला! जमिनीवर कोणी दावा सांगायला आला, तर आत शिरायच्या आधी त्यानं तो वाचावा. १९४४ च्या बाँबफेकीत दाराची मोडतोड झाली. दुरुस्तीनंतर ते पुन्हा आपल्या जागी आलं. काही पत्र्यांवरची चांदी गेली आहे. तिथं अक्षर रिकाम्या खाचेवरून ओळखावं लागतं.

चर्चच्या बांधकामाची लिओनं लिहिलेली हकिकत हा मध्ययुगातल्या बांधकामाबद्दलचा सर्वांत जिवंत मजकूर आहे, असं माझं मत आहे. १०६६ मध्ये काम सुरू झालं. डोंगराचा माथा ओबडधोबड; आग आणि लोखंड वापरून खडक फोडून जागा सपाट करावी लागली. देसिदेरियो स्वतः रोमला गेला आणि पैसे सढळ हातानं मोजून जुन्या इमारतींचे खांब, त्यांची तळखडी, माथे आणि रंगीत संगमरवर विकत घेतला. तो माल जहाजानं समुद्रमार्गे गारील्यानो नदीच्या मुखापर्यंत आला, तिथून होड्यांनी सुइओपर्यंत आणि पुढं गाड्यांवर. पहिला खांब डोंगराच्या पायथ्याशी आला तेव्हा गावकऱ्यांनी तो हाताखांद्यांवर पेलत चढणीनं वर नेला. तेव्हाची वाट आजच्या घाटापेक्षा पुष्कळ अवघड होती.

मोझेइक आणि संगमरवरी फरशीचे कारागीर त्यानं कॉन्स्टँटिनोपलहून बोलावले. लिओ म्हणतो की लॅटिन जगातून ही कला पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी लोपली होती. आणि पुढं तो जे सांगतो त्यासाठी मी देसिदेरियोला मानते: ही विद्या इटलीतून पुन्हा नाहीशी होऊ नये म्हणून त्यानं मठातल्या पुष्कळ मुलांना तिचं शिक्षण दिलं. तेवढ्यावर न थांबता सोनं, चांदी, काच, हस्तिदंत, लाकूड, दगड या साऱ्या कामांतले कारागीर त्यानं मठातच तयार केले. वैभव तर अनेकांनी विकत घेतलं. वेदीच्या दर्शनी भागासाठी छत्तीस पौंड सोन्याचा, रत्नजडित पत्रा त्यानंही एका भिक्षूला कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडे पाठवून घडवून आणला होता, आणि आज त्याचा मागमूस नाही. मुलांना शिकवलेलं मात्र उरलं, ते पुढं सांगते.

१ ऑक्टोबर १०७१ रोजी पोप दुसरा अलेक्झांडर यानं चर्चचं अभिमंत्रण केलं. पुढं सातवा ग्रेगरी म्हणून पोप झालेला हिल्देब्रांद हजर होता, पीटर डेमियन होता, दक्षिणेतले राजेरजवाडे होते. ग्विस्कार्द तेवढा आला नाही. तो पालेर्मोला वेढा घालून बसला होता.

त्या चर्चच्या फरशीचे काही तुकडे आज मठाच्या संग्रहालयात आहेत. तांबडा, हिरवा, पांढरा दगड. वर्तुळं, त्रिकोण, वेढे. मी हात न लावता जेवढं जवळ जाता आलं तेवढी गेले. हिरव्या दगडाचा एक त्रिकोण नखाएवढा होता, त्याच्या तिन्ही कडा धारदार होत्या आणि शेजारच्या पांढऱ्या तुकड्याशी त्याचा सांधा अजून घट्ट होता.

पोथ्यांकडे वळते, कारण माझा जीव तिथं गुंतलेला आहे. मोन्ते कास्सिनोच्या लेखनशाळेत जी लिपी चालत असे तिला बेनेवेन्तन म्हणतात. दक्षिण इटलीत ती पाच शतकांहून अधिक काळ टिकली. बोरू तिरका धरून काढलेले जाड, तुटक फराटे. प्रत्येक उभी रेघ दोन चौकटींत मोडलेली. अक्षरांची अक्षरांना बांधणी अशी की नवख्याला शब्द सुटा करता येत नाही. देसिदेरियोच्या काळात ही लिपी तिच्या ऐन बहरात आली, याबद्दल अभ्यासकांत दुमत नाही. त्यानं नकलून घेतलेल्या ग्रंथांची यादी मठाच्या बखरीत दिली आहे. तीत धर्मग्रंथ आणि संतांची भाष्यं तर आहेतच, पण सिसेरोचा देवांच्या स्वरूपावरचा ग्रंथ आहे, ओव्हिडचं ‘फास्ती’ आहे, टेरेन्स आणि होरेस आहेत, जस्टिनियनचा कायदा आहे. ख्रिस्ती मठाच्या कोठारात जुन्या रोमन देवांचे सणवार आणि रंगभूमीवरची प्रहसनं! हे सारं जपावं असं त्याला वाटलं. आता व्हॅटिकनमध्ये असलेल्या एका पोथीत त्याचं चित्र आहे. संत बेनेडिक्ट आसनावर बसले आहेत आणि देसिदेरियो त्यांना ग्रंथ अर्पण करतो आहे. मठाच्या इमारतीही भेटीत आहेत.

आल्फानो पुढं सालेर्नोचा आर्चबिशप झाला; तिथून एक विलक्षण माणूस देसिदेरियोकडे आला. कॉन्स्टँटिनस आफ्रिकानस, म्हणजे आफ्रिकेचा कॉन्स्टँटाइन. मूळचा उत्तर आफ्रिकेचा, अरबी जाणणारा. मोन्ते कास्सिनोत तो भिक्षू झाला आणि अरबी वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणत राहिला. अली इब्न अल्-अब्बास अल्-मजूसी याच्या वैद्यकग्रंथाचं त्यानं केलेलं रूपांतर ‘पांतेग्नी’ या नावानं युरोपभर पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. ते देसिदेरियोला अर्पण केलेलं आहे. दोन शतकांपूर्वी ज्या मठाला सारासेनांनी आग लावली, त्याच मठात अरबी भाषेतल्या विद्येला मानाचं आसन मिळालं. आमातुस या भिक्षूनं नॉर्मन लोकांचा इतिहास लिहिला, तोही याच मठाधिपतीला अर्पण करून. स्वतः देसिदेरियोनं संत बेनेडिक्टच्या चमत्कारांवर संवादरूप ग्रंथ लिहिला. पण तो लेखकापेक्षा लिहवून घेणारा म्हणून मोठा. कोणाला काय येतं हे त्याला कळत असे आणि त्या माणसाला तो जागा देत असे.

पुढच्या शतकांत या ग्रंथांवर वाईट दिवस आले. चौदाव्या शतकात इटालियन कथाकार बोकाचिओ ग्रंथालय बघायला आला तेव्हा त्याला दार नसलेली खोली आणि उगवलेलं गवत दिसलं, पोथ्यांचे समास कापून भिक्षू ताईत विकत असल्याचं कळलं आणि तो रडत परतला, अशी गोष्ट त्याच्या एका चाहत्यानं लिहून ठेवली आहे. टॅसिटसची ती पोथी त्याच सुमारास डोंगर उतरली असावी. आज ती फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. ज्यांनी त्या काळात पोथ्या बाहेर काढल्या त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जे मठात राहिलं ते १९४३ च्या शरदात जर्मन सैन्यातल्या दोन अधिकाऱ्यांच्या पुढाकारानं आणि भिक्षूंच्या संमतीनं ट्रकांमधून रोमला हलवलं गेलं, म्हणून वाचलं.

मठाच्या सज्जातून खाली कास्सिनो गावाच्या कडेला एक हिरवा चौकोन दिसतो. ती राष्ट्रकुलाची युद्धस्मशानभूमी. मी बसनं उतरून तिथं गेले. मठावर बाँब टाकायच्या निर्णयात चौथ्या भारतीय डिव्हिजनचा सेनापती फ्रान्सिस टकर याचा वाटा होता. हल्ला त्याच्या शिपायांना चढवायचा होता. मठाच्या भिंती किती जाड आहेत हे लष्कराच्या कागदपत्रांत मिळेना, तेव्हा नेपल्सच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधून त्यानं एकोणिसाव्या शतकातलं एक पुस्तक मिळवलं आणि त्यातून माहिती काढली. त्या भिंतींच्या आत आसऱ्याला आलेले गावकरी होते. त्यांतले अनेक मेले. आणि बाँबफेकीनं लढाई जिंकली गेली नाहीच. मठाचे अवशेष हाती यायला मे महिना उजाडला. त्या मे महिन्यात आठव्या भारतीय डिव्हिजननं खालची गारी नदी ओलांडली. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण या डिव्हिजनमध्ये होती.

स्मशानभूमीत मधोमध पाणी आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवट संगमरवराच्या उंच शिळा आहेत. ज्यांची कबर कुठं आहे हे माहीत नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं त्यांवर आहेत. त्यांत नाईक यशवंत घाडगे यांचं नाव आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी, इथून बरंच उत्तरेला टायबरच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतले बाकीचे सगळे पडल्यावर ते एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ते घेतलं आणि तिथंच गोळी लागून पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातल्या माणसाचं नाव इटलीतल्या दगडावर वाचताना गळा दाटून आला. शिंदे, जाधव, कदम अशी आडनावं शोधत मी त्या शिळांभोवती फिरत राहिले. त्या दिवशी पुन्हा मठावर गेले नाही.

देसिदेरियोनं शिकवून तयार केलेल्या मुलांचं काम बघायचं तर कापुआजवळ सांत-आंजेलो इन फोर्मिस गाठावं लागतं. कापुआचा राजा रिचर्ड यानं हे चर्च १०७२ मध्ये मोन्ते कास्सिनोला दिलं. तिफाता डोंगराच्या उतारावर, डायना देवीच्या रोमन मंदिराच्या जागेवर ते उभं आहे. पुढची ओसरी टोकदार कमानींची. अशी कमान त्या काळी ख्रिस्ती युरोपाला नवी होती, अरबांकडून आमाल्फीच्या वाटेनं आली असावी. आत शिरलं की चारही अंगांनी चित्रं. पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम न्याय, मधल्या दालनाच्या भिंतींवर ख्रिस्तचरित्र. समारियाची स्त्री विहिरीपाशी उभी आहे आणि ख्रिस्त तिच्याशी बोलतो आहे. उभं राहण्याची ढब, वस्त्रांच्या चुण्या ग्रीक गुरूंच्या. पण बाह्यरेषा जाड, रंग धीट, आणि गालांवर लाल ठिपके. ते ठिपके इथल्या चित्रकारांचे स्वतःचे. शिकवणी संपली आणि मुलं आपल्या हातानं काढू लागली, तो क्षण या भिंतींवर आहे.

वेदीमागच्या अर्धघुमटात ख्रिस्त, त्याखाली तीन देवदूत, उजवीकडे संत बेनेडिक्ट. डावीकडे देसिदेरियो. माथ्यावर भिक्षूचं मुंडन, मोठे डोळे, हातांत चर्चची प्रतिकृती आणि डोक्यामागं चौकोनी प्रभावळ. रोममधल्या आपल्या चर्चमध्ये वेदीपाशी उभं राहून त्यानं पास्कालकडे पाहिलं असणार, यात मला शंका नाही. पवित्रा तोच, चौकोन तोच.

एक निवृत्त शिक्षिका तिथं आलेल्या होत्या. इतिहास शिकवायच्या. मला इतका वेळ एकाच ठिकाणी उभी पाहून त्या आपणहून बोलायला आल्या.

“तुम्ही त्याच्यासाठी आलात? इतक्या लांबून?” त्या म्हणाल्या. “बांधकाम उत्तम केलं त्यानं. पण पोप म्हणून घाबरट.”

मी म्हणाले, “तो पोप व्हायला तयारच नव्हता हो.”

“तेच तर.”

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. सातवा ग्रेगरी आणि सम्राट चौथा हेन्री यांचं हाडवैर पेटलेलं असताना १०८२ मध्ये हेन्रीनं बोलावलं म्हणून देसिदेरियो आल्बानोला जाऊन त्याला भेटला. ग्रेगरीच्या कट्टर पक्षानं हे कधी विसरलं नाही. १०८४ मध्ये ग्विस्कार्दनं रोममध्ये हेन्रीच्या वेढ्यात अडकलेल्या ग्रेगरीची सुटका केली, पण त्याच्या फौजेनं रोम लुटलं, जाळलं. “हे नॉर्मन रक्षक म्हणून कोणी आणले होते?” बाईंनी विचारलं. शहराबाहेर पडावं लागलेल्या पोपला देसिदेरियोनं मोन्ते कास्सिनोत आसरा दिला, त्याचा सारा भार सोसला, हे मी सांगितलं. ग्रेगरी २५ मे १०८५ रोजी सालेर्नोत वारला. त्याच्या जागी कोण, यावर वर्षभर घोळ चालला. २४ मे १०८६ रोजी कार्डिनलांनी रोममध्ये देसिदेरियोलाच धरलं आणि तो नको नको म्हणत असताना अंगावर लाल झगा चढवला. झगड्यात आतलं पांढरं वस्त्र काही त्यांना चढवता आलं नाही. चार दिवसांत दंगल उसळली. त्यानं रोम सोडलं, तेराचीना गावी पोपपदाची चिन्हं उतरवून ठेवली आणि तो आपल्या डोंगरावर परत गेला.

“जबाबदारी टाकून गेला,” बाई म्हणाल्या.

मला तसं वाटत नाही, आणि मी ते तिथंच सांगितलं. विशीत ज्याच्या अंगावरचं भिक्षूचं वस्त्र नातेवाइकांनी ओढून काढलं, त्याच्या अंगावर साठीला आल्यावर दुसऱ्या लोकांनी जबरदस्तीनं दुसरं वस्त्र चढवलं. दोन्ही वेळा तो मठाकडे धावला. आपण कशासाठी आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षांत उभं केलेलं काम एका फुटलेल्या शहराच्या भांडणात संपून जाईल, ही त्याची भीती मला भ्याडपणाची वाटत नाही. शेवटी मार्च १०८७ मध्ये इथंच, कापुआत भरलेल्या सभेत त्यानं पद स्वीकारलं. तिसरा व्हिक्टर या नावानं ९ मे रोजी सेंट पीटरमध्ये त्याचा अभिषेक झाला. हेन्रीनं बसवलेला प्रतिपोप क्लेमेंट रोममध्ये ठाण मांडून होताच. ऑगस्टमध्ये बेनेवेन्तोच्या धर्मसभेत देसिदेरियोनं क्लेमेंटला पुन्हा बहिष्कृत केलं, तिथंच प्रकृती बिघडली, तो घाईनं मोन्ते कास्सिनोला आला, ओदेरिसिओला मठाधिपती नेमून १६ सप्टेंबरला वारला. मठाधिपतीचं पद त्यानं पोप असतानाही सोडलं नव्हतं. त्याला मठाच्या सभागृहात पुरलं.

बाईंना माझं म्हणणं पटलं नाही. “सालेर्नोला जा,” त्या म्हणाल्या, “ग्रेगरीची कबर बघा, मग बोला. तो माणूस वाकला नाही.”

मी गेले. सालेर्नोचं कॅथेड्रल ग्विस्कार्दच्या पैशानं आणि आर्चबिशप आल्फानोच्या देखरेखीखाली उभं राहिलं. पुढं जुन्या रोमन खांबांचं अंगण, मग लांबट दालन, आडवा भाग आणि पूर्वेला तीन अर्धगोल. हा आराखडा आल्फानोनं घेतला तो आपल्या मित्रानं डोंगरावर बांधलेल्या चर्चवरून. मोन्ते कास्सिनोचं ते चर्च १३४९ मध्ये कोसळलं; त्याची मांडणी पायांनी चालून बघायची तर आज सालेर्नोतच. उजव्या अर्धगोलात ग्रेगरीची कबर आहे. हे सगळं मी बाईंना पत्रानं कळवलं. उत्तरात त्यांनी आल्बानोच्या भेटीबद्दल आणखी चार मुद्दे पाठवले आहेत.